थांब, लिहितेय

११ जून

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नाही ना? मुद्दाम. पत्ता आमच्या कवळ्यांच्या लॅबमधल्या मोठ्या बाईंकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट न फोडताच ड्रॉवरमध्ये गेलं असतं. मेसेजचं तर बोलायलाच नको, त्या दोन निळ्या खुणा बघून बघून माझं डोकं निळं व्हायची पाळी आलीय. कागदाचं बरं. वाचलंस की नाही ते दिसतच नाही, म्हणून मी वाचलंस असंच धरून चालते.

दचकू नकोस. आई बरी आहे. मला फक्त एक टेक्निकल शंका आहे आणि ती विचारण्यासारखं या घरात दुसरं कोणी नाही. आईचं आयुष्य गेलं लोकांना गाडी शिकवण्यात, माझं चाललंय लोकांचे दात घडवण्यात. कॉम्प्युटरवाला तू एकटाच, आणि तू तिकडे.

शंका आईच्या मशीनच्या फाइलची आहे. ते टाइप केलं की बोलणारं मशीन, घशाच्या ऑपरेशननंतर वाचाताईंनी दिलेलं. वाचाताई म्हणजे बोलण्याची थेरपी देणाऱ्या बाई, हे नाव आईनेच ठेवलंय. मशीनचा आवाज आठवत असेल तुला, लिफ्टमधली बाई दार बंद करायला सांगते तसा. तर मला आत्ता कळलं की ते मशीन सगळं साठवत होतं. आईने वाक्य टाइप करून हिरवी ‘बोल’ कळ दाबली की ते मोठ्याने म्हणतं, आणि तेच वाक्य एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ होऊन बसतं. एक वाक्य, एक ओळ. आवाज गेल्यापासून आई जे जे बोलली ते सगळं. वाचाताईंनी ती फाइल मला पेन ड्राइव्हवर दिली. आता माझ्या पर्समध्ये चाव्या, कंगवा आणि आई.

का दिली, ते सांगते. आईने हिवाळ्यापासून मशीनला हात लावलेला नाही. बंद करून कपाटात ठेवलंय, चादरींच्या मागे. वाचाताई म्हणतात बोटं थकली, या वयात होतं. म्हणून आता दुसरं मशीन. त्याला अक्षरंच नाहीत, नुसती मोठी बटणं, एका बटणाला एक वाक्य. बटणं अगदी मोजकी. एकदा वाक्यं भरली की आई पुढे जन्मभर तेवढंच बोलणार. त्यांच्याकडे एक तयार यादी आहे: ‘पाणी द्या’, ‘दुखतंय’, ‘दिवा लावा’. मी ती आईला वाचून दाखवली. आईने खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबला. तुला माहितीय तो पाय. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूचा ब्रेक जिथे असायचा, तिथे.

मग मी म्हटलं, त्यांची वाक्यं नकोत, तुझीच काढू, तुझ्या फाइलमधून, जी तू सगळ्यात जास्त बोललीस ती. आईकडे हल्ली सायकलचा रबरी भोंगा असतो. एकदा पों म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं: पों. मग माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं: पों पों. म्हणजे मशीनने वाचलं तर चालेल. तू नाही वाचायचंस.

बरोबरच आहे तिचं. आपण बोललेलं कोणी साठवून परत वाचलं तर तुला चालेल का? मला नाही चालणार. मी दिवसभरात दातांशीच किती काय काय बोलते.

तर शंका अशी: बारावीच्या सुट्टीत तू मला कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक लूप शिकवला होतास. जोवर ओळ मिळतेय तोवर, ओळ घे, काम कर, सोडून दे. तोच चालेल ना? उत्तर दिलं नाहीस तरी मी करणारच आहे.

भुणभुण

२० जून

दादा,

उत्तर आलं नाही. केलं.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा काहीच दिसलं नाही. काळी खिडकी गप्प, मी गप्प, आणि मग कर्सर परत पहिल्या जागेवर. मला वाटलं बिघडलं. मग लक्षात आलं की झालं सगळं. मी त्याला बोलून दाखवायला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्याने आईचं सगळं बोलणं, पहिल्यापासून, एकेक ओळ उचलून, वाचून, खाली ठेवून दिलं होतं. एवढ्यात. आणि त्यातलं एक अक्षर त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

मला हे कळायला इतकी वर्षं लागली बघ. तू शिकवलंस तेव्हा मला तो लूप म्हणजे दळणाची गिरणी वाटला होता. गिरणी नाही रे ती. त्याच्या हातात एका वेळी एकच ओळ असते. मागची सोडून दिलेली, पुढची अजून यायची आहे. त्या एका ओळीपुरतं त्याला जगात दुसरं काही नाही. माणूस असं ऐकतो का कधी कोणाचं? मी तरी नाही. आई पहिला शब्द टाइप करत असायची आणि माझं उत्तर तयार असायचं.

वाचायचं नाही हे ठरलेलं होतं, पण काही तरी होतंय हे दिसायला हवं म्हणून मी एक खेळ केला. एक ओळ वाचली की एक टिंब छाप, आणि जरा थांबून पुढे जा. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून सुरू केलं. टिंबं यायला लागली. एक रांग भरली, दुसरी भरली, पडदा भरला आणि वर सरकायला लागला. आई भाजी निवडत होती. तिने भोंग्याशिवाय नुसती मान उडवली: काय हे?

मी म्हटलं, “तू.”

“…” (ही आई. भुवया.)

“एक टिंब म्हणजे एकदा बोललीस. हे बघ, आत्ता बोललीस. हे परत. बापरे, काय बडबडी बाई आहेस गं!”

आईने हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. दादा, आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. मला वाटत होतं ऑपरेशननंतर आपल्या घरात शांतता होती. मी लोकांना तसंच सांगायचे, आई बोलत नाही फारशी. आणि टिंबं संपेचनात. भाजी तशीच राहिली. ऊन टेबलाच्या या कडेवरून त्या कडेवर गेलं. प्रत्येक टिंबासाठी तिने एकेक कळ शोधून दाबलेली, चुकली तर पुसून परत दाबलेली, आणि मग हिरवी. आईने एकदा पडद्यावर बोट ठेवलं, एका टिंबावर, पण ते लगेच वर सरकून गेलं. ती हसली. तिला ते कुठलं बोलणं वाटलं कोण जाणे. मी विचारलं नाही.

मला सूर्याकडे, समुद्राकडे बघून कधी असं झालेलं नाही. हात जोडावेसे वाटतात ना, तसं. टिंबांना.

मग मी खरं काम केलं. जी ओळ शेकडो वेळा आलीय तेवढीच दाखव. इतक्यांदा बोललेलं गुपित कसलं, असं मी म्हटलं आणि आईने विचार करून पों दिला.

वर आलेल्यांपैकी काही सांगते. ‘आरशात बघ.’ हे शिकाऊ लोकांना, ती आवाज गेल्यावरही दोन वर्षं शिकवत होती ना. ‘मीठ कमी.’ हे मला. ‘जेवलास का?’ हे कोणाला ते तुला माहितीय, कारण घरात दुसरा पुरुष नाही. माझं ‘जेवलीस का?’ बरंच खाली आहे, त्याची नोंद मी घेतलेली आहे.

आणि सगळ्यात वर, बाकीच्या कोणत्याही ओळीच्या कितीतरी पुढे:

थांब, लिहितेय.

आवाज गेल्यापासून आपली आई सगळ्यात जास्त वेळा हे बोलली. आणि हे बोलायलासुद्धा तिला आधी लिहावं लागायचं. तेवढ्यात समोरचा पुढे गेलेला असायचा.

आई ती ओळ बघून खांदे उडवून उठली आणि भाजी घेऊन आत गेली. जणू काही विशेष नाहीच.

भुणभुण

२ जुलै

दादा,

आता खरोखरची शंका आहे. आधीची नुसता बहाणा होता, कबूल.

तुला माहितीय, लॅबमध्ये आम्ही कवळीचा साचा भरण्याआधी माल तोलतो आणि बाहेर आल्यावर परत तोलतो. सारखं भरलं नाही तर आत कुठेतरी बुडबुडा. अशी कवळी तोंडात गेली की पहिल्याच घासाला मोडते आणि पेशंट ती हातात घेऊन येतो, मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवतो आणि दात नसलेल्या तोंडाने जे काय बोलतो ते कोणत्याही मशीनने साठवू नये असं असतं. त्यामुळे मला तोलायची सवय आहे. मी आईची फाइलसुद्धा तोलली.

फाइलची साइझ कॉम्प्युटर सांगतो. मग लूपने वाचलेल्या प्रत्येक ओळीची साइझ काढून बेरीज केली, ओळीच्या शेवटचं एंटर धरून, मोकळ्या जागासुद्धा सोडल्या नाहीत. जुळत नाही. फाइल थोडी जड आहे. फार नाही, एखाद्या वाक्याएवढी. परत केलं. परत तेवढाच फरक. लूप काहीतरी वाचत नाहीये, दादा. आणि कुठे वाचत नाहीये ते बघायला मला फाइल उघडावी लागेल, आणि मी आईला शब्द दिलाय.

तू म्हणशील एवढ्याशा फरकाने काय होतंय, यादी तर मिळाली. वाचाताईही तेच म्हणाल्या. सोमवारी त्या बटणांचं मशीन घेऊन आल्या होत्या, नमुन्याचं. आईच्या मांडीवर ठेवलं. आईने ‘आरशात बघ’ दाबलं. मशीन म्हणालं, आरशात बघ. वाचाताई टाळ्या वाजवून म्हणाल्या, “छान! आता दुसरं दाबा.” आईने परत तेच दाबलं. परत. परत. मग मशीन त्यांच्या मांडीवर ठेवून बाल्कनीत गेली.

“थकल्यात,” वाचाताई म्हणाल्या.

“थकल्यावर ती झोपते,” मी म्हटलं. “हे वेगळं आहे.”

“मग काय आहे?”

मला एवढंच माहितीय की पुढच्या महिन्यात जुनं मशीन परत द्यायचंय आणि ते गेलं की आई नवीन वाक्य कधीच बोलणार नाही. नवीन. म्हणजे जे आधी कधी बोलली नाही ते.

तू हिवाळ्यातल्या त्या फोननंतर मला लिहिलं होतंस, ‘मी विचारलं येऊ का, हो की नाही एवढंच सांग, तर तिने उत्तरसुद्धा दिलं नाही.’ मी तेव्हा भाजी आणायला गेले होते. परत आले तर आई खिडकीत. मी तुझं खरं मानलं, कारण आपली आई हट्टी आहेच. हे मी भांडायला लिहीत नाहीये. पण आता घरात तेवढंच उरलंय, हो की नाही. पों किंवा पों पों. ये आणि ऐक, तुला आवडेल.

सॉरी. शंकेचं उत्तर दे. प्लीज.

१५ जुलै

दादा,

आलं. पाकीट जिन्यातच फोडलं.

‘शेवटच्या ओळीच्या शेवटी एंटर नसणार. लूपला ओळीचा शेवट दिसला तरच तो ती ओळ मानतो. शेवट दिसायच्या आधी फाइल संपली तर ओळ हातात असूनसुद्धा तो बाहेर पडतो, काम न करता. अट वाढव: ओळ मिळाली, किंवा हातात काही उरलं असेल, तर.’

बस. ना ‘प्रिय’, ना ‘आई कशी आहे’. ऑफिसच्या कागदावर निळ्या पेनने. तरी मी जिन्यात उभ्याउभ्या ते इतक्यांदा वाचलं की वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “नोकरी लागली का?”

खाली एक ओळ लिहून खोडली आहेस. इतकी गच्च की कागद फाटलाय. मी उजेडात धरून बघितली नाही. या घरात आता न वाचायची सवय लागलीय.

मी अट वाढवली आणि त्याला सांगितलं, दाखवू नकोस, नुसतं सांग, हातात काही उरतं का. उरतं. वजन जुळलं, तंतोतंत.

आणि मग मी त्या एंटरवर अडकले. दादा, एंटर कधी पडतं? अक्षरं टाइप करतानाच फाइलमध्ये उतरत असणार, एंटर मात्र आई हिरवी कळ दाबते तेव्हाच. म्हणजे ही ओळ टाइप केलेली आहे आणि बोललेली नाही. फाइलमधली शेवटची. त्यानंतर मशीन कपाटात. तू लिहिलंयस ते तू लूपबद्दल लिहिलंयस, मला माहितीय. तुला कल्पना नसेल की तू काय लिहिलंस. ते एकदा परत वाच. ‘ओळ हातात असूनसुद्धा.’

मी अजून वाचलेली नाही. ती संध्याकाळी फिरून आली की विचारते.

१७ जुलै

दादा,

हे सावकाश लिहितेय, कारण आई शेजारी बसलीय आणि प्रत्येक वाक्य वाचतेय. वरच्या ‘सावकाश’लासुद्धा तिने मान डोलावली.

मी तिला सगळं सांगितलं. टिंबं, वजन, एंटर, तुझा कागद. तुझा कागद तिने हातात घेतला आणि बराच वेळ नुसतं अक्षर बघत बसली. मी म्हटलं, “एक ओळ राहिलीय तुझी. मी बघितली नाही.” ती उठली, चादरी बाजूला केल्या आणि मशीन काढलं.

चार्ज व्हायला वेळ लागला. आम्ही दोघी त्या छोट्या लाल दिव्याकडे बघत बसलो, दवाखान्यात बसतात तशा. मग पडदा उजळला. मशीन बंद केलं होतं तिथेच उघडलं. तीच ओळ, अर्धी, आणि तिच्या पुढे कर्सर. उघडमीट, उघडमीट. जसा काही आई एवढा वेळ जरा विचार करायला थांबली होती.

आईने डावा हात कानाशी नेला: फोन. उजवा हात कळांवर: टाइप करतेय, करतेय. मग डाव्या हाताकडे बघितलं आणि तो खाली ठेवला. इतकंच.

ती तुला उत्तर लिहीत होती रे, तेवढ्यात तू फोन ठेवलास. तुला फोनवर शांतता ऐकू आली ती शांतता नव्हती.

“मग नंतर का नाही बोललीस?” मी म्हटलं. “मला सांगायचंस! वाचाताईंना! मीठ कमी म्हणायचंस!”

आईने पडद्यावर बोट ठेवलं. त्या ओळीवर. मग हिरव्या कळीवर नेलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हात हलवला: कोणापुढे? मग पुसायच्या कळीवर नेलं. आणि उजवा पाय दाबला. ब्रेक. पूर्ण.

कळतंय ना तुला? पुढचं काहीही बोलायचं तर आधी ही ओळ बोलायला हवी किंवा पुसायला हवी. बोलायला तू नव्हतास. पुसवली नाही. म्हणून हिवाळ्यापासून आपली आई एका वाक्याच्या मध्ये उभी आहे. आम्ही म्हणत होतो बोटं थकली.

“आणि बोटं?” मी विचारलं.

तिने माझा कान पिळला. अजून लाल आहे. बोटांना काहीही झालेलं नाही.

मी म्हटलं, “आता पुरी कर. मी ऐकते. मी त्याला लिहून कळवते.” पों पों. “बरं, मी आवाज रेकॉर्ड करून पाठवते.” पों पों, आणि या वेळी भोंगा माझ्या तोंडाजवळ आणून. मग तिने टेबलावरचा फोन उचलला आणि मशीनच्या शेजारी ठेवला. सरळ, कडेला कड लावून. शिकाऊंना पार्किंग शिकवायची तसा.

काल वाचाताई येऊन गेल्या. त्यांनी पडद्यावरची ओळ बघितली. नंतर म्हणाल्या, “मी इतकी वर्षं लोकांना बोलायला शिकवतेय,” आणि पुढचं बोलल्या नाहीत. बटणांचं मशीन परत नेलं. जुनं आपल्याकडे राहील, पण आई ते वापरायला लागली तर. आणि ते आता तुझ्यावर आहे.

फोन कर. रविवारी दुपारी, किंवा कधीही, आम्ही आहोत. मी उचलीन, मशीनजवळ ठेवीन आणि बाल्कनीत जाईन. तू विचार, परत तेच, येऊ का. आणि मग काही बोलू नकोस. तुला बराच वेळ काही ऐकू येणार नाही. नीट ऐकलंस तर बारीक टकटक येईल, थांबेल, परत येईल. ती पुसून परत लिहीत असेल. ती टकटक म्हणजे आई बोलतेय. लिफ्टमधली बाई शेवटी येते. तोवर हातात तेवढंच धर, तुझ्या लूपसारखं. मात्र शेवट दिसला नाही म्हणून बाहेर पडू नकोस.

तू खोडलेली ओळही तेव्हाच सांग. तिला घाई नाहीये.

ओळ काय आहे ते तुला लिहून पाठवू का, असं मी आईला विचारलं. तिने खूप विचार केला. मग एकदा पों. जेवढी आहे तेवढीच, म्हणून इथे उतरवतेय. पुढचं तिच्याकडे आहे.

येऊ नकोस असं मी म्हटलं तरी तू